सामुवेलच्या कबरीतली जागा

"माझ्या नवऱ्याच्या अंगावर निजशील का?" ज्ञानसुंदरीनं, म्हणजे ज्ञानमनं, विचारलं.

हेमावतीच्या हातातली कॉफी हिंदकळून पदरावर सांडली. "अक्का! सत्तरी उलटली तुझी. जरा तरी लाज?"

"लाज कसली? तळाला सासूसासरे, त्यांच्यावर सामुवेल. त्याच्यावर एकाची जागा आहे. मुदत संपली, आता कबर उघडायला परवानगी मिळते. मुलाला विचारलं, दिराला विचारलं. कुणाची ना नाही. तू घोरत नाहीस ना? तो घोरतो."

हेमावती हसली आणि हसता हसता पोट धरून ओट्याला टेकली. हसण्याचं आता असंच होत होतं. स्वादुपिंडात गाठ होती, ती पसरली होती, आणि डॉक्टरांनी तिच्याशी बोलणं सोडून तिच्या मुलाशी बोलायला सुरुवात केली होती. त्यावरूनच तिनं ओळखलं.

मरायची भीती तिला होती, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती: मेल्यावर ठेवणार कुठं?

चेन्नईत ख्रिस्ती माणसाला मरायला सोपं आहे, पुरायला नाही. जुन्या कबरस्तानांत नवी जागा कुणालाच मिळत नाही. घरची कबर असेल तर ती ठरलेल्या मुदतीनंतर पुन्हा उघडतात आणि आजोबांवर मुलगा, मुलावर सून, असे थर चढत जातात. ज्यांचे आजोबा ख्रिस्ती नव्हते त्यांनी काय करायचं? हेमावतीचे आजोबा तंजावरचे देशस्थ, वैश्वदेव केल्याशिवाय पानावर न बसणारे. तिचं एकही माणूस कुठल्या कबरीत नव्हतं. ती जाते ती सभा भाड्याच्या हॉलमध्ये भरते. खुर्च्या त्यांच्या मालकीच्या आहेत, जमीन नाही. वेलचेरीत घराजवळ जे स्मशान आहे तिथं पुरायची जागा संपून फक्त वीजदाहिनी उरली होती.

"विचार कर," ज्ञानम म्हणाली. "फार वेळ नको करूस म्हणजे झालं. तुझ्याकडे तो नाही."

ज्ञानम हे असं तोंडावर बोलू शकत होती, कारण दोघी तीस वर्षं एकाच बोर्डावर बसल्या होत्या. उत्तर मद्रासच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, शेजारी शेजारी. हेमावतीचा नवरा शेषाद्री तेव्हा एन्नोरला नोकरीला होता, घरही तिथंच. त्यांना त्रिपुरसुंदरी नावाची मुलगी झाली. दीड वर्षाची असताना ती तापात गेली.

एवढ्या लहान मुलाला यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. बायका जात नाहीत. शेषाद्री आणि त्याचा भाऊ गेले, आणि पायांना ओली माती घेऊन परत आले. "कुठं?" हेमावतीनं विचारलं. "खाडीच्या अलीकडं, सुरूच्या झाडांमागं," एवढंच तो म्हणाला. जन्मभरात एवढंच म्हणाला.

भेटायला आलेल्या बायकांनी तिला समजावलं. मागच्या जन्मीचं देणं होतं, फेडून गेली. तुझ्या हातून काही राहिलं असेल. हेमावती कामावर परतली तेव्हा ज्ञानम आठवडाभर काहीच बोलली नाही, नुसती तिच्या वाट्याचे कॉल घेत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "तुझी मुलगी तुला परत दिसेल."

"कशी?"

"उठेल."

"कुठून?"

"जिथं ठेवलीय तिथून. शेवटच्या दिवशी. येशू उठवील."

हेमावतीनं पुढचा कॉल चुकीच्या गावाला जोडला. तिला पाप, क्षमा, तारण यातलं तेव्हा काही कळलं नाही. एवढंच कळलं की कुणीतरी तिची मुलगी 'आहे' म्हणतंय, अख्खी, मातीत, हातापायांसकट. बरं झालं जाळली नाही, असं तिच्या मनात आलं. त्या एका विचाराचा धागा धरून ती कित्येक वर्षांनी बाप्तिस्मा घ्यायला एन्नोरच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरली, कुंकू पुसून बाहेर आली. त्या दिवसापासून तिच्या थोरल्या भावानं, वादिराजनं, तिच्या घरचं पाणी घेतलं नाही. शेषाद्री गप्प राहिला. आठ वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा वादिराजनं भाच्याकडून, वेंकटकडून, सगळे विधी यथासांग करवून घेतले आणि हेमावती स्मशानाच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीपाशी उभी राहिली.

आता वादिराज आपण होऊन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, काठी टेकत, तीन जिने चढून. लिफ्ट बंद होती. पाणी त्यानं आपल्याबरोबर बाटलीतून आणलं होतं.

"हेमे, फार दुखतंय काय?" तो म्हणाला. त्यांची मराठी तंजावरची, तीनशे वर्षं तमिळ देशात राहून वेगळीच मुरलेली.

"दुखतंय की."

"ऐक. जन्मभर तुझ्या मनासारखं केलीस. आम्ही काय बोललो? काय नाही बोललो. शेवट तरी घरच्यांसारखी हो. वेंकट एकटा पोर अहे. त्याच्या हातून नीट होऊ दे."

"अण्णा, मज मातीत जायचंय."

"मातीत! आपल्यांत कोण गेलंय मातीत?"

"माझी लेक गेली अहे."

वादिराजनं बाटली उघडली, घोट घेतला, झाकण बराच वेळ फिरवत बसला. "ती लहान होती," तो म्हणाला.

तो गेल्यावर वेंकट तिच्या पलंगाशी बसला. वेंकट कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. देव मानत नव्हता, बापाचाही नाही, आईचाही नाही.

"अम्मा, पुरायचं म्हणजे… खाली… किडे…"

"जाळायचं म्हणजे फुलं पडतात काय रे अंगावर?"

"तसं नाही गं."

"तू तर देव मानीत नाहीस. मग मामाचे मंत्र कशाला पाहिजेत तुज?"

"मंत्र नक्कोत मज. रीत पाहिजे." तो नखं खात होता, लहानपणीसारखी. "बाबा गेले तेव्हा मज काय सुचत नव्हतं. मामा म्हणाले, इकडं तोंड कर, हे हातात धर, आता सोड. हात कुठं ठेवायचे ते तरी कळलं. तुझ्या लोकांत मज कोण सांगणार? सगळे डोळे मिटून उभे राहतात."

हेमावतीनं त्याचा हात तोंडातून काढला. पण सामुवेलच्या कबरीला ती हो म्हणून बसली होती.

जागा बघायला दोघी गेल्या. वेंकटनं टॅक्सी करून दिली. स्वतः आला नाही. कबरस्तान शहराच्या उत्तरेला, एका बाजूला लॉरींची रांग, दुसऱ्या बाजूला मासळीचा वास. रखवालदार लुंगी खोचत पुढं झाला. सामुवेलची कबर भिंतीकडेला होती. काळा दगड, त्यावर तीन नावं, खाली थोडी कोरी जागा. ज्ञानमनं पदरानं दगड पुसला.

"उठा हो, पाहुणी आलीय," ती दगडाला म्हणाली. "ही हेमा. ओळखता की. माझ्या डब्यातली सुक्या मासळीची, करवाडाची आमटी बघून नाक मुरडायची ती."

"मी कधी नाक मुरडलं?"

"रोज."

"कोण जाणार आत?" रखवालदारानं विचारलं.

"मी," हेमावती म्हणाली.

त्यानं शिंप्यासारखी नजर तिच्या डोक्यापासून पायापर्यंत फिरवली. "बारीक आहात. सोपं जाईल." मग तो ज्ञानमकडं वळला. "आणि अम्मा, मग तुम्ही कुठं जाणार?"

"तू तुझं काम बघ."

"तेच बघतोय. ही अम्मा आत गेली की चौदा वर्षं झाकण उघडायचं नाही. आणि हिच्यानंतर वर जागाच नाही. तुमची शेवटचीच होती ना ही? त्या वेळी तुम्हीच म्हणाला होता, साहेबांच्या वर माझी ठेवा म्हणून."

लॉरीचा भोंगा वाजला. ज्ञानमनं पुसलेलाच दगड पुन्हा पुसायला घेतला.

"अक्का, हे खरं?"

"चल, ऊन चढलं."

"अक्का!"

"अगं खरं, खरं! ओरडतेस काय कबरस्तानात?"

टॅक्सीत हेमावती दाराला चिकटून बसली. तिला ग्लानी येत होती, पण राग ग्लानीला वर येऊ देत नव्हता.

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"आणि तुझं काय? तुला कुठं टाकतील?"

"टाकतील कुठंतरी. गुम्मिडिपूंडीकडं कारखान्याच्या मागं कुणी जागा काढतंय म्हणतात. होईल तेव्हा होईल. मी मेल्यावर मला काय कळणार आहे?"

"मग मला तरी काय कळणार आहे?"

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. ज्ञानमनं खिडकीबाहेर तोंड केलं. एवढी वर्षं दोघींनी शेजारी बसून रविवारच्या रविवार मेल्यावर उठायची गोष्ट केली होती, त्यावर गाणी म्हटली होती, टाळ्या पिटल्या होत्या. आणि आता दोघींच्या तोंडून एकापाठोपाठ एक हे निघालं होतं.

बाहेर बघतच ज्ञानम म्हणाली, "तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मला तसंच म्हणायचं होतं," हेमावती म्हणाली. "महिना झाला, प्रार्थनेला बसते आणि तिकडून काही नाही. आपल्या बोर्डावर कसं, रिंग जातेय, जातेय, कुणी उचलत नाही."

"दुखतंय म्हणून होतं तसं."

"दुखायच्या आधीपासून होतंय, अक्का. तुला सांगितलं नव्हतं. शेषाद्री गेला तेव्हापासून. मी टपरीपाशी उभी होते. आतून धूर आला आणि मनात आलं, हा माणूस आता कुठून उठणार? त्याला तर मी जाळू दिलं. मग माझा देव एवढ्या धुराला पुरा पडणार आहे का?"

"असं बोलू नये."

"मग कुणाशी बोलू? पास्टरांशी?"

पास्टरांशी ती बोललीच, दुसऱ्या दिवशी, फोनवर: मला जाळलं तर येऊन प्रार्थना कराल का? ते तरुण होते, मनानं वाईट नव्हते. "सिस्टर, आपल्या सभेत जाळत नाहीत," ते म्हणाले. "वडील मंडळी ऐकायची नाहीत. मी आधी घरी येऊन प्रार्थना करीन."

"आधीची मी स्वतःच करते, पास्टर. नंतरची कोण करणार ते विचारतेय."

"मी विचारून बघतो, सिस्टर."

त्यांनी विचारलं असेलही. फोन आला नाही.

ज्ञानम पुन्हा आली ती भांडायच्या तयारीनं, कबरीच्या परवानगीचं काम निम्मं करून. हेमावती उशीला टेकून बसली होती, गालांची हाडं वर आलेली, तोंडात लिंबाची फोड.

"ते सगळं थांबव," ती म्हणाली. "मला जाळणार आहेत."

"कोण जाळणार? मी फाटकात आडवी पडेन!"

"तुझे गुडघे पाहा आधी. ऐक अक्का. एन्नोरला खाडीच्या अलीकडं आता काय आहे, बघितलंस ना?"

ज्ञानम एन्नोरलाच राहत होती. तिला सांगायला नको होतं. सुरूची झाडं केव्हाच गेली होती. वीजघराची राख पाइपातून येऊन तिथं पसरली होती, वर्षानुवर्षं, करड्या चिखलासारखी, आणि उन्हाळ्यात तीच उडून लोकांच्या भातात पडत होती.

"माझी पोर त्या राखेखाली आहे," हेमावती म्हणाली. "किती खाली, कुणाला ठाऊक नाही. आता हिशेब असा आहे. देवाला ती तिथून सापडणार असेल, तर मी पण राखेतून सापडेन. आणि राखेतली मी त्याला सापडणार नसेन, तर ती पण नाही. मग मी एकटी सामुवेलच्या अंगावरून उठून काय करू? तुला तुझ्या जागेवरून हाकलून?"

"सापडेल," ज्ञानम म्हणाली. "दोघी सापडाल."

"खात्री आहे तुला?"

टॅक्सीतलं बोलणं अजून दोघींच्या मधे बसलेलं होतं. "रोज सकाळी असते," ज्ञानम म्हणाली. "दुपारपर्यंत टिकते. मग पुन्हा मागावी लागते."

"मग माझ्यासाठी सकाळीच कर प्रार्थना."

त्या संध्याकाळी तिनं वेंकटला बोलावलं. "तुझ्या मनासारखं होतंय. जाळ मज."

वेंकटच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला, आणि सुटला म्हणून त्याला शरम वाटली.

"पण मंत्र नक्को. दर्भ नक्को. तोंडात तांदूळ नक्को. ज्ञानम अक्का प्रार्थना करेल, तेवढंच. आणि राख समुद्रात नक्को. एन्नोरला, त्रिपुरा अहे तिकडं."

"अम्मा, मामा ऐकायचे नाहीत."

"मामाला नाही विचारीत मी. तुज विचारिते."

"ते सगळ्यांसमोर बोलतील. तुज ठाऊक अहे ते कसे बोलतात."

"भितोस?"

"होय," चाळीशीला टेकलेला वेंकट म्हणाला.

तिनं त्याला वचन मागितलं नाही. त्यानंही दिलं नाही. तिला पुढचे दिवस त्याच काळजीत काढावे लागले, आणि ते दिवस वाईट होते. शेवटी शेवटी ती शेषाद्रीला विचारत होती, कुठं ठेवलीस, नीट सांग. मधेच सुनेला म्हणाली, नंबर लागत नाही. एका पहाटे ती गेली. कुणाला काही दिसलं नाही, खोलीत कसला उजेड पडला नाही. चेहऱ्यावर शांती होती असं नंतर सभेतल्या बायका म्हणाल्या; त्या तिची हनुवटी बांधून, डोळे मिटवल्यावर आल्या होत्या.

वीजदाहिनीच्या मांडवात वादिराज आधीच येऊन बसला होता. पंचा, दर्भ, तीळ, तांदूळ, सगळं पिशवीत. ज्ञानम भिंतीला धरून उभी होती. सभेतून फक्त दोन बायका आल्या होत्या, त्याही फाटकापर्यंत. पास्टर आले नव्हते.

"वेंकट, शर्ट काढ. इकडं उभा राहा, दक्षिणेला तोंड कर," वादिराज म्हणाला.

वेंकटचे पाय सवयीनं वळले. मग तो थांबला. "मामा, नक्को."

"काय नक्को?"

"अम्मा नक्को म्हणाली."

"अम्मा गेली आता."

"म्हणून तर."

"शहाणपण शिकवतोस? अरे, विधी झाले नाहीत तर प्रेत होऊन फिरेल ती! तुझ्या दारांत, तुझ्या पोरांच्या उशाशी…"

मांडवातले दुसऱ्या मयताचे लोकही वळून बघायला लागले. हात कुठं ठेवायचे ते वेंकटला कळत नव्हतं.

"फिरू दे, मामा," तो म्हणाला. "घर ठाऊक अहे तिज."

वादिराजनं काठी उचलली. सगळ्यांना वाटलं, मारतो आता. पण त्यानं ती पुन्हा टेकवली, मुठीत घेतलेले तांदूळ एक एक करून पिशवीत सोडले, आणि बहिणीकडं न बघता बाहेर निघून गेला. त्यानंतर तो वेंकटच्या घरी आलेला नाही. फोनही घेत नाही.

"लवकर करा," दाहिनीचा माणूस म्हणाला. "मागं रांग आहे."

ज्ञानम पुढं झाली. तिनं गाणं म्हणायचं ठरवलं होतं, पण पहिल्या ओळीलाच आवाज फाटला. मग ती नुसती बोलली, साध्या तमिळमध्ये, बोर्डावरून बोलायची त्या आवाजात: "ही हेमावती. हिची मुलगी तुझ्याकडे आहे. हिला घे. आमेन." एवढंच झालं. दार वर गेलं, आत लाल दिसलं, दार खाली आलं.

दुसऱ्या दिवशी वेंकट आणि ज्ञानम मडकं घेऊन एन्नोरला गेले. रस्ता संपेपर्यंत रिक्षा, पुढं चालत. कुंपणापाशी पहारेकऱ्यानं अडवलं. आत सोडता येत नाही, ऑर्डर नाही.

"जागा नक्की कुठं, पेरियम्मा?" वेंकटनं विचारलं. पेरियम्मा म्हणजे मावशी. लहानपणापासून तो तिला तेच म्हणायचा.

"मला काय ठाऊक? तुझा बाप बोलला का कधी?"

तारेपलीकडं सगळं सारखंच करडं होतं, लांब वीजघराच्या चिमण्यांपर्यंत. एक झाड नव्हतं, की ज्याच्या मागं म्हणता येईल. वेंकटनं उगाच दोनतीन दिशांना बोट केलं, मग खाली केलं. शेवटी तो कुंपणाला लागूनच गुडघ्यांवर बसला आणि हातानं उकरायला लागला. माती वरून करडी, आतून काळी होती. त्यानं मडकं तिरकं केलं. ज्ञानमनं डोळे मिटले आणि ओठ हलवायला सुरुवात केली. सकाळ होती.

"तू आमेन म्हण," मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली.

"मज… मला विश्वास नाही, पेरियम्मा."

"मग नको म्हणू. माती लोट."

त्यानं माती लोटली, हातानं थापली, पुन्हा थापली. पहारेकरी लांबून बघत होता, त्यानं शिट्टी वाजवली नाही. ज्ञानमची प्रार्थना लांबली. वेंकट उठला नाही; ओल्या मातीवर हात तसेच ठेवून ती थांबायची वाट बघत राहिला.